घरातल्या घरात लेझर कटर: घ्यावा का, कुठला घ्यावा आणि धूर कुठे सोडावा?

अर्धी_बाल्कनी

नमस्कार मंडळी. गोरेगावला वन बीएचके, बाल्कनी काचा लावून बंद केलेली. तिथे वॉशिंग मशीन, तुळस आणि माझं हत्यारांचं खोकं दाटीवाटीने नांदतात. त्यात आता एक लेझर कटर बसवायचं डोक्यात आहे.

कारण गणपती. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून घरचं मखर एमडीएफचं (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेली फळी) करतो. डिझाइन लेक करते (नववीत आहे, इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा बरं चालवते), कापायला बाहेर देतो. गेल्या वर्षी कापणाऱ्याने हरतालिकेच्या रात्री साडेदहाला माल हातात ठेवला आणि कमानीचे दोन्ही तुकडे डावेच निघाले. वर नक्षी कोरलेली, त्यामुळे उलटून लावायचीही सोय नाही. ती रात्र कशी काढली ते विचारू नका.

बजेट ४० हजार. एक नवा डायोड लेझर बघितलाय, जाहिरातीत ठळक '४० वॅट', किंमत २४ हजार. दुसरा वसईच्या एका गृहस्थांकडचा वापरलेला के-४० नावाचा कटर, सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) ट्यूबवाला, ३५ हजार सांगतायत. दोन्ही चाळीसच वॅट. मग स्वस्तातला का घेऊ नये? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेंगदाणे_घेऊन

लेझरच्या धाग्यावर 'प्रकाश टाकावा'. छान. बसलोय.

अर्धवट_अभियंता

त्या २४ हजारवाल्या जाहिरातीत बारीक अक्षरांत 'ऑप्टिकल पॉवर' कुठे लिहिलंय ते शोधा. साडेपाच, फार तर दहा वॅट निघेल. ४० हा आकडा बहुतेक मशीन किती वीज खातं त्याचा असतो, किरणात किती उतरते त्याचा नव्हे. माणूस किती पोळ्या खातो त्यावरून तो किती पोती उचलेल ते सांगण्यातला प्रकार.

दुसरं म्हणजे दोघांचा उजेडच वेगळा. डायोडचा निळा, ४५० नॅनोमीटरच्या आसपास. सीओटूचा डोळ्यांना न दिसणारा, १०,६०० नॅनोमीटर. निळा उजेड पारदर्शक ॲक्रिलिकमधून खिडकीतून ऊन यावं तसा आरपार जातो. ॲक्रिलिक जसंच्या तसं, खालचं टेबल जळतं. (मी जाळलंय. आईचं होतं.) काळं ॲक्रिलिक डायोडवर कापता येतं. सीओटूला पारदर्शक काय नि काळं काय, सगळं सारखंच. धातू कापायचा विचार दोन्हींवर सोडून द्या. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम किंवा पावडर कोटिंगच्या बाटलीवर नाव मात्र डायोडनेही झकास उमटतं.

मखर एमडीएफचंच असेल तर खरा १० वॅटचा डायोड पुरतो. माझ्याकडे तोच आहे. ३ मिमी एमडीएफ, मिनिटाला २५० मिमी वेग, दोन फेऱ्या, हवेचा झोत चालू. झोत बंद ठेवलात तर कडा कोळशासारख्या होतात आणि दोनाच्या चार फेऱ्या लागतात. मशीनबरोबर एअर पंप नसेल तर तो आधी घ्या, बाकीचे चोचले नंतर.

जळका_अंगठा

के-४० वापरतो, कांदिवली, पाच वर्षं. अर्धवटरावांचं सगळं बरोबर, पण सीओटूला पर्याय नाही ही माझी बाजू. कापाची कड बघाल तर डायोडकडे परत जाणार नाही. पारदर्शक ॲक्रिलिकची कड तर काचेसारखी चकचकीत येते.

मात्र वसईहून उचलण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, अर्थिंग. ट्यूबला १५-२० हजार व्होल्ट लागतात. मागच्या स्क्रूला अर्थिंगची वायर जोडायची असते, ती बहुतेकांनी जोडलेलीच नसते. जुन्या इमारतीत तिसऱ्या पिनेच्या भोकात नुसती हवा असते, तेव्हा आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

दोन, पाणी. ट्यूब पाण्याने थंड ठेवावी लागते आणि ते पाणी डिस्टिल्डच हवं. नळाचं नको, बिसलेरीही नको. त्यांतल्या क्षारांतून वीज वाहते आणि महिन्याभरात शेवाळ धरतं.

तीन, आपली मुंबई. मे महिन्यात बादलीतलं पाणी ३२ अंशांवर जातं, ट्यूब दमते. म्हणून लोक बर्फाच्या बाटल्या टाकतात. जुलैत तेच केलंत तर गोची. पावसाळ्यात इथला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. पाणी त्याहून गार झालं की ट्यूबला बाहेरून घाम फुटतो, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा. हजारो व्होल्ट आणि ओली काच. एकदा निळी ठिणगी वायरवरून पत्र्यावर उडालेली बघितली आहे. अंगठ्याची गोष्ट वेगळी, ती पुन्हा कधीतरी.

कोकणकन्या

गिरगावात दारावरच्या पाट्या करते, तीन वर्षं झाली. १० वॅट डायोड, माळ्यावर. वॅटबिट तुमचं चालू द्या, मी देवनागरीचं सांगते, कारण यूट्यूबवरचे सगळे इंग्रजी अक्षरं कापतात.

आपली लिपी लेझरसाठीच केल्यासारखी आहे. इंग्रजीत नाव कापलं की प्रत्येक अक्षर सुटं, चिकटवताना ओळ वाकडी. आपल्याकडे शिरोरेषा सगळ्यांना धरून ठेवते. 'कदम' कापलं की 'कदम' एका तुकड्यात हातात येतं, दोरीवर वाळत घातल्यासारखं. पण अनुस्वार सुटा. 'मंगेश'चा ठिपका जाळीतून खाली पडतो आणि मग कचऱ्याच्या ट्रेमध्ये कुंकवाएवढा गोळा शोधत बसायचं. मी अनुस्वार जरा खाली ओढून शिरोरेषेत टेकवते. शुद्ध दिसत नाही, पण पडत नाही.

दुसरी मेख. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला आपापल्या शिरोरेषेचा तुकडा असतो आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. स्क्रीनवर सलग रेघ दिसते, लेझर मात्र प्रत्येक जोडावर आडवा कापत जातो आणि 'कदम'चे क, द, म वेगळे. म्हणून इंकस्केपमध्ये लिहायचं, पाथ करायचं, मग सगळं युनियन करून एक करायचं. त्यानंतरच लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं. जोडाक्षरंही मग फुटत नाहीत. लेकीला एवढं एकच शिकवा, बाकी तिला येतंय.

फॉन्टसाठी पैसे घालवू नका. आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्यांचे मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट फुकट आहेत. मोदक मुलांच्या खोलीच्या पाटीला फार गोड दिसतो, पण त्यातल्या फटी इतक्या बारीक की आतले तुकडे जळून जातात. चार इंचांच्या खाली कापू नका.

शेंगदाणे_घेऊन

'दोरीवर वाळत घातल्यासारखं' +१. आता प्रत्येक पाटी तशीच दिसणार.

मी_सेक्रेटरी_नाही

मंडळी, आनंदात विरजण घालतो. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकाने हे यंत्र घेतलं. पाइप खिडकीबाहेर काढला, स्वतःच्या घरातला वास गेला, हा खूश. तो धूर सरळ चौथ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरींत. एमडीएफच्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं, डोळे चुरचुरतात. वरच्या काकूंना दमा. मीटिंगमध्ये लेखी तक्रार आली आणि दीड तास त्यावरच गेला, पाण्याच्या टाकीचा विषय राहिला तो राहिलाच.

घर म्हणजे कारखाना नाही. छंद स्वतःच्या फुप्फुसांवर करावा, शेजाऱ्याच्या नव्हे.

जळका_अंगठा

सेक्रेटरीसाहेब (नाही म्हणता तरी भाषा तीच आहे), मुद्दा मान्य. म्हणून पेटी बंद हवी, आतली हवा ओढणारा पंखा हवा आणि मध्ये कोळशाचा फिल्टर. नुसता कोळसा लावलात तर काजळीने आठवड्यात तुंबतो, आधी साधा जाड फिल्टर लावायचा. आणि कापायची वेळ दुपारी तीन ते पाच. चादरी तोवर आत गेलेल्या असतात.

मी_सेक्रेटरी_नाही

दुपारी तीन ते पाच लोक झोपतात. पंप ऐकलाय का कधी?

बाईंचा_वर्ग

मी कलाशिक्षिका. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते, कारण ती आमच्या अंगाशी आली.

प्रोजेक्टसाठी मुलं जो पांढरा सनबोर्ड आणतात तो बऱ्याचदा पीव्हीसीचा फोम असतो. हलका, गुळगुळीत, एमडीएफपेक्षा स्वस्त. कोणालाही वाटेल, हाच कापावा. आम्ही कापला. सुरेख कापला गेला. पाच मिनिटांत घसा धरला, दोन मुली खोकत बाहेर गेल्या. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो दमट हवेतलं पाणी धरून आम्ल होतो. माणसाचा घसा दोन दिवसांत बरा झाला. मशीनच्या स्टीलच्या दांड्यांवर पुढच्या सोमवारी तांबूस गंज. रेक्झिनचं आणि फ्लेक्सच्या बॅनरचंही तेच.

ओळखायची युक्ती: तांब्याची तार गॅसवर लाल करा, प्लास्टिकला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे, ते प्लास्टिक मशीनमध्ये घालायचं नाही. खिडकी उघडी ठेवून करा. नववीच्या मुलीला आवडेलही.

अर्धी_बाल्कनी

बाई, शतशः आभार. माझ्या यादीत सनबोर्ड पहिल्या नंबरावर होता. खोडला.

अर्धवटराव, जाहिरात पुन्हा वाचली. ऑप्टिकल ५.५ वॅट. अगदी तळाला, करड्या रंगात.

हिशेबनीस

मी कंजूष आहे हे आधीच सांगतो. मखराच्या कापाची एकूण लांबी ४० मीटर धरा. अर्धवटरावांच्या वेगाने, मिनिटाला २५० मिमी आणि दोन फेऱ्या, ३२० मिनिटं. पाच तास वीस मिनिटं, तेही समोर बसून, कारण लेझर चालू ठेवून उठायचं नसतं. तेच काम मी बाहेर १०० वॅटच्या सीओटूवर करून घेतो, पंचवीस मिनिटांत होतं. मला मिनिटाला १५ रुपये लावतात. पावणेचारशे रुपये. वर्षातून एक मखर. ४० हजार वसूल व्हायला शंभर गणपती बसवावे लागतील.

हरतालिकेला माल हवा असेल तर नागपंचमीला ऑर्डर द्या. संपला धागा.

कोकणकन्या

हिशेबनीसदादा, हिशेब चोख. पण बाहेर कापायला दिलं की चूक दुकानात कळते आणि घरी कापलं की पहिल्या तुकड्यालाच कळते. माझी पहिली वीस माणसं जोडली गेली ती 'ताई, आडनाव जरा मोठं करा' असं ऐन वेळी म्हणणारी. मी अर्ध्या तासात दुसरी पाटी दिली.

शिवाय पोरगी नववीत आहे. तिला मशीनसमोर बसायला मिळणं हे तुमच्या पंधरा रुपयांत कुठे बसतं?

हिशेबनीस

भावनेच्या रकान्यात टाकतो.

पुणे_३०_लांब

अवांतर: सीओटू लेझर शोधून काढणारे कुमार पटेल मूळचे आपले, हे किती जणांना माहीत आहे? जन्म बारामती, १९३८. इंजिनिअरिंग पुण्यात. मग अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये १९६४ साली हा लेझर काढला. पहिला लेझर १९६० चा, मायमनचा, माणकाच्या कांडीवर चालणारा. म्हणजे चारच वर्षांत. जळका अंगठा यांच्या कांदिवलीच्या खोलीत जे चाललंय त्याची मुळं बारामतीत आहेत.

शेंगदाणे_घेऊन

बारामती आली. आता धागा राजकारणावर जाणार. ॲडमिन, जागे राहा. हलके घ्या.

जळका_अंगठा

बारामतीच्या माणसाला उसाच्या शेताऐवजी कार्बन डायऑक्साइड सुचला हेच नवल. मान गये.

पोळपाटवाली

मी वाचनमात्र होते, पण राहवलं नाही. नवऱ्याने मशीन आणलं आणि हौसेने पोळपाटावर मोराची नक्षी कोरून दिली. दिसायला अप्रतिम. पोळी लाटली तर मोर पोळीवर उठला, आणि कणीक मोराच्या पिसांत. तो मोर मी रोज टूथब्रशने घासते. पापडावरही 'श्री' कोरून बघितलं. श्री आला, पापडाला भोक पडलं.

चामड्यावर मात्र खरंच छान येतं. कोल्हापुरीचं कातडं हिरडा-बाभळीच्या सालीत कमावलेलं असतं, त्यावर नाव गडद तपकिरी उमटतं. घरभर केस जळल्याचा वास सुटतो, तेवढं सोसायचं. सगळं चामडं चालत नाही पण. क्रोम वापरून कमावलेलं असेल तर त्याचा धूर वाईट, हात लावू नका.

अर्धवट_अभियंता

सगळे विनोद झाले, आता चष्म्याचं. मशीनबरोबर जो हिरवा प्लास्टिकचा गॉगल येतो त्यावर ४५० नॅनोमीटर आणि ओडी (गॉगल किरण किती अडवतो त्याचा आकडा) ५ किंवा जास्त असं छापलेलं नसेल तर तो खेळातला समजा. निळा किरण डोळ्याच्या भिंगातून थेट पडद्यावर जाऊन एका बिंदूत गोळा होतो. पापणी मिटेपर्यंत काम झालेलं असतं. सीओटूचा किरण बुबुळाच्या पुढच्या पडद्यावरच अडतो, पण तिथे भाजतो. दोन्हींचे गॉगल वेगळे, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. आणि गॉगल फक्त चालवणाऱ्याला नाही. दारातून 'चहा घेतोस का' विचारायला डोकावणाऱ्यालाही डोळे असतात.

म्हणून उघड्या चौकटीचं मशीन घरात नको हे माझं स्पष्ट मत. बंद पेटीचं, झाकण उघडलं की आपोआप बंद पडणारं घ्या. पाच-सात हजार जास्त गेले तरी चालतील. घरात मुलगी आहे.

धूळखात_पडलंय

अर्धी_बाल्कनी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाहा. बंद पेटीचं १० वॅट आहे माझ्याकडे, मुलुंडला. लॉकडाउनमधला उत्साह होता, त्यानंतर फक्त एकदा लग्नातल्या वानाच्या डब्या केल्या. चष्मा आणि पंप त्यातच देतो. फोटो कोरायच्या नादी मात्र लागू नका. आई-बाबांचा ३० बाय २० सेंटीमीटरचा फोटो कोरायला घेतला होता. रेघांमधलं अंतर ०.१ मिमी, म्हणजे दोन हजार रेघा, प्रत्येक ३० सेंटीमीटर. ६०० मीटर डोकं फिरवायचं. मिनिटाला तीन मीटरने तीन तास वीस मिनिटं. तीन तासांनी लाइट गेली. बाबा पूर्ण झालेत, आईला हनुवटी नाही.

अर्धी_बाल्कनी (बावीस दिवसांनी)

मंडळी, मुलुंडचं मशीन गोरेगावला आलं. रिक्षा, लोकल नव्हे, घाबरू नका. बाल्कनीच्या एका काचेच्या जागी प्लायचा तुकडा बसवला, त्याला भोक पाडून पाइप काढला, फिल्टर दुहेरी लावला. वरच्या मजल्यावर स्वतः जाऊन सांगून आलो. त्यांनी चहा दिला आणि चादरी दुपारी काढून घेतो म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी लेकीने चाचणीचा तक्ता कापला: आडवा वेग, उभी ताकद, पन्नास चौकोन. आमचं एमडीएफ २०० मिमीला दोन फेऱ्यांत सुटतं, २५० ला सुटत नाही. पावसात ओल धरलेलं आहे बहुतेक. आता वर्तमानपत्रात गुंडाळून, वजन ठेवून कपाटात टाकलंय. कापाची रुंदी ०.१५ मिमी आली, खाचा तेवढ्या बारीक केल्या तेव्हा जोड घट्ट बसले.

आणि मखराआधी हात बसावा म्हणून सासऱ्यांच्या पेणच्या घराची पाटी केली. दोन फुटांची, दोन तुकड्यांत कापून जोडली. शिरोरेषा सलग, अनुस्वार नाही म्हणून सोपी. 'आशिर्वाद'. पांढरा रंगही मारला. फोटो जोडतोय, कौतुक करा.

कोकणकन्या

अय्या, शिरोरेषा किती सरळ आलीय! मस्त.

बाईंचा_वर्ग

छान झालीय. पण… शी दीर्घ.

शेंगदाणे_घेऊन

आलं. मी थांबलोच होतो.

अर्धी_बाल्कनी

बाई! घरात चौघांनी बघितली, दोघे मराठी माध्यमातले. चार तास कापलंय हो. रविवारी पेणला जायचंय आणि एवढ्या लांबीचं एमडीएफ शिल्लक नाही.

अर्धवट_अभियंता

थांबा. अक्षरं आरपार कापलेली आहेत ना, वर काही कोरलेलं नाही? मग 'शि' तेवढा शिरोरेषेतून दोन्ही बाजूंनी हॅक्सॉच्या पात्याने सुटा करा. वेलांटी आणि 'श' वेगळे करा. वेलांटी पालथी घाला. ऱ्हस्वची दीर्घ झाली. आता 'श' डावीकडे, वेलांटी उजवीकडे. रुंदी तेवढीच, फट पडणार नाही.

जळका_अंगठा

लेझरच्या धाग्यावर हॅक्सॉ. बारामतीला कळवू नका.

कोकणकन्या

पालथी घातल्यावर वर येईल ती बाजू बिनरंगाची असेल, तेवढा हात मारा. आणि जोडांना मागून आइसक्रीमच्या काडीचा तुकडा लावा, नुसत्या फेविकॉलवर शिरोरेषा धरणार नाही.

अर्धी_बाल्कनी

केलं. लेकीनेच केलं, मी पाटी धरून बसलो होतो. जोड दोन हातांवरून दिसत नाहीत. वेलांटीची शेंडी 'श'वर जरा जास्त झुकलीय, पण शी दीर्घ आहे. आता शेवटचं विचारतो: एमडीएफ आणि पेणचा पाऊस, काय लावू?

जळका_अंगठा

वार्निशचे तीन हात. कडांना पाच, पाणी तिथूनच शिरतं. आणि पाटी पत्र्याखाली लावा.